जर्नलं परत न्या

बसा. जर्नलं तुमच्यासमोर ठेवली आहेत, ती आत्ता उघडू नका. मी सगळी तपासली. एकावरही सही केलेली नाही, आणि प्रॅक्टिकल तोंडावर आलं म्हणून करणारही नाही.

वेरूळच्या सहलीचं पान आठवा. तीन ताल, म्हणजे बारा नंबरचं लेणं, तिथे तुम्हाला भिंतीसमोर उभं करून मी गिलाव्याबद्दल सांगितलं होतं. मातीत कोणत्या झाडाचे तुकडे सापडले, कोणी शोधले, कशावरून ओळखले, सगळं सांगितलं. जर्नलांत काय उतरलं? कोणी लिहिलं 'ताग'. कोणी 'अंबाडी'. कोणी 'भांग'. कोणी 'हेम्प' लिहून 'शास्त्रीय नाव' ही ओळ कोरी सोडली. बरोबर नाव लिहिणारे थोडे, आणि त्यांतल्याही बहुतेकांनी दोन्ही शब्दांची पहिली अक्षरं मोठी काढली, नावाखाली रेघ ओढली नाही, शेवटचा, नाव देणाऱ्या लिनियसचा 'एल' गाळला. मी विचारलं तेव्हा एकजण उभा राहून म्हणाला, 'सर, लॅटिन नावाला अर्धा मार्क असतो, सोडलं तरी पास होता येतं.' आणि बाकीचा वर्ग हसला.

त्या हसण्याबद्दल आज बोलायचं आहे.

वेरूळच्या गिलाव्याची गोष्ट जगाला कळली २०१६ साली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात रसायनतज्ज्ञ म्हणून काम केलेले राजदेव सिंग आणि आपल्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले एम. एम. सरदेसाई, या दोघांनी 'करंट सायन्स'मध्ये निबंध छापला. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या मातीतून निघालेले झाडाचे बारीक तुकडे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, अवरक्त किरणांनी तपासले, आणि ताज्या झाडाच्या नमुन्यांशी ताडून पाहिले. मग लिहिलं: कॅनाबिस सटायव्हा, म्हणजे भांगेचं झाड. या झाडाच्या धाग्यांनी गिलावा बळकट झाला, ओलावा आटोक्यात राहिला आणि कीड दूर राहिली, असं त्यांचं म्हणणं. अजिंठ्याच्या गिलाव्यात हे झाड नाही आणि तिथल्या चित्रांचं किडीने नुकसान केलं, ही तुलनाही त्यांनी केली आहे. आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावरचं लेणं, आपल्या विद्यापीठातला माणूस, आणि जगभरच्या जतनतज्ज्ञांनी वाचावा असा निष्कर्ष. तो निष्कर्ष दोन शब्दांत मावतो. तेच दोन शब्द तुम्ही अर्ध्या मार्काचे म्हणून टाकून दिलेत.

आता 'ताग' लिहिणाऱ्यांनी ऐका. आपल्या शेतात हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो बोरू, त्याला ताग म्हणतात. बंगालात ज्याचं गोणपाट होतं, तोही ताग. ही दोन वेगवेगळ्या कुळांतली झाडं आहेत. इंग्रजीतही तीच गत. बोरू म्हणजे 'सन हेम्प', अंबाडी म्हणजे 'डेक्कन हेम्प', आणि नुसतं 'हेम्प' म्हटलं की भांग. बोरू शेंगावाल्या कुळातला, क्रोटालारिया जुन्सिया. अंबाडी ही जास्वंदीची, भेंडीची नातलग, हिबिस्कस कॅनाबिनस. त्या नावाचा अर्थच 'भांगेसारखी'. आणि भांगेचं कुळ तिसरंच. तिघींचे धागे निघतात, म्हणून व्यापाऱ्याने तिघींना एक नाव दिलं. व्यापाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही. पण सिंग आणि सरदेसाई यांचा मुद्दा असा आहे की गिलाव्यात दुसरं कुठलं नव्हे, हेच झाड होतं. तुम्ही तिथे अंबाडी लिहिलीत त्या क्षणी त्यांची सगळी मेहनत पुसली गेली. उद्या कोणी तुमच्या वहीवर विसंबून भिंतीच्या डागडुजीला अंबाडीचा धागा मातीत कालवला, तर त्याचा दोष कोणाच्या माथी?

'भांग' लिहिणाऱ्यांना मी निम्मी शाबासकी देईन, पूर्ण नाही. भांग म्हणजे पानं. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. चरस म्हणजे राळ. आपल्या भाषेने पदार्थाला नाव दिलं, कारण लोकांचा संबंध पदार्थाशी होता. १९८५चा अंमली पदार्थांचा कायदासुद्धा हा फरक पाळतो: शेंडे आणि राळ गुन्ह्यात मोडतात, शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. गिलाव्यात मात्र झाड होतं, नशेचा पदार्थ नव्हता. हे न समजल्यामुळे काय झालं ते मी त्या दिवशी माझ्या कानांनी ऐकलं. तुमच्यातलाच एकजण लेण्याच्या पायरीवर बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगत होता की इथले भिक्षू गांजा ओढायचे, 'सायंटिस्टनी प्रूव्ह केलंय'. ज्यांनी हा खडक कोरला, त्या माणसांवर हा खोटा आळ आहे. तो आपल्या गावच्या मुलाने घेतला, विज्ञानाचं नाव पुढे करून घेतला, याची मला लाज वाटली. त्या मुलाचं नाव मी घेत नाही. त्याने स्वतः उठून ते सांगावं, आज नाही तर उद्या.

आता दुसरा गट. मागच्या बाकांवरून आलेली चिठ्ठी मी वाचली: 'परकीय भाषेतली नावं आमच्यावर कशाला लादता? झाडं आमची, नावं रोमन लोकांची का?' चिठ्ठी लिहिणाऱ्याचा राग मला कळतो. आपल्या भाषेचा अभिमान असणाऱ्या मुलाला मी कधीच गप्प बसवणार नाही. पण अभिमान बाळगायचा तर आधी माहिती मिळवावी लागते, आणि ती तुम्ही मिळवलेली नाही.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचं वैद्य म्हणून जाणं-येणं होतं. इथल्या औषधी झाडांबद्दल त्याने वैद्यांना, हकिमांना, व्यापाऱ्यांना विचारलं आणि १५६३ साली गोव्यातच पुस्तक छापलं, पोर्तुगीजमध्ये. त्यात भांगेवर स्वतंत्र प्रकरण आहे. पोर्तुगीज वाचणारे किती होते? चारच वर्षांनी, १५६७ साली, क्लूसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पहून छापला आणि आपल्या बाजारातली माहिती युरोपभरच्या वैद्यांच्या हाती गेली. पुढे केरळात व्हान रीड या डच अधिकाऱ्याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ काढला, १६७८ ते १६९३. त्यातलं ज्ञान इट्टी अच्युतन या वैद्याचं होतं, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तिघा कोकणी विद्वानांचंही. या तिघांनी दिलेली साक्ष पहिल्या खंडात छापली आहे, कोकणी भाषेत आणि नागरी अक्षरांत. चिठ्ठी लिहिणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं: १६७८ साली युरोपात छापलेल्या लॅटिन ग्रंथात आपली लिपी आहे. लिनियसने १७५३ साली 'स्पीशीज प्लँटारम' लिहून दोन शब्दांची पद्धत रुजवली तेव्हा भारतातल्या झाडांसाठी तो याच ग्रंथाकडे वळला.

आणि ही नावं तरी निव्वळ रोमन आहेत का? घृष्णेश्वराच्या दारात तुम्ही बेलाची पानं विकत घेतलीत. बेल म्हणजे ईगल मार्मेलॉस. पहिला शब्द ग्रीक कथेतल्या अप्सरेचा, दुसरा पोर्तुगीज फळाचा. देवळाबाहेरचा कडुलिंब अझाडिराक्टा इंडिका, म्हणजे फारसी 'आझाद दरख्त'. चिंच टॅमरिंडस, अरबी 'तमर हिंदी', हिंदुस्थानचा खजूर. साग टेक्टोना, मूळ मल्याळम 'तेक्क'. शेवगा मोरिंगा, मूळ तमिळ 'मुरुंगै'. धोतरा तर उघड आपलाच, डाटुरा. या सगळ्या शब्दांना लॅटिनचं व्याकरण तेवढं लावलं आहे. ज्याला तुम्ही परकीय म्हणून हाकलताय, त्याच्यात अर्धा हिंदुस्थान बसलेला आहे.

आपली माणसंही त्यात आहेत. सह्याद्रीतली सोनघंटा, अब्युटिलॉन रानडेई. पुण्यात हर्बेरियम सांभाळणाऱ्या एन. बी. रानडे यांच्या नावावरून ते नाव पडलं. शेवटचा 'ई' म्हणजे आपला षष्ठीचा प्रत्यय: रानड्यांची. सेरोपेजिया महाबळेई, म्हणजे प्राध्यापक महाबळे यांची. स्त्रीच्या नावाला प्रत्यय वेगळा लागतो. केरळच्या जानकी अम्माळ या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंच्या सन्मानार्थ २०१९ साली एका पालीचं नाव ठेवलं, त्याच्या शेवटी तो आहे. कास पठारावरचा वायतुरा, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, साताऱ्याचा. मुलींनो, मुलांनो, या डोंगरांत अजून नाव न मिळालेली झाडं आणि किडे आहेत. कोणा एकाच्या हातून त्यांचं नामकरण होणार आहे. त्या वेळी प्रत्यय कुठला लावायचा हे तुम्हाला ठाऊक नसेल तर ते काम दुसरा कोणी करून जाईल.

मराठीचा कैवार घेणाऱ्यांनी मराठी विश्वकोश तरी उघडला आहे का? वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली तो उभा राहिला, पहिला खंड १९७६चा. शास्त्रीबुवा संस्कृतचे गाढे पंडित. कुठल्याही झाडाची नोंद काढा. सुरुवातीलाच कंसात हिंदी, गुजराती, कानडी, संस्कृत, इंग्रजी आणि लॅटिन नावं ओळीने दिलेली असतात. सगळ्या भाषा एका रांगेत, कुणाला कमी लेखलेलं नाही. तर्कतीर्थांच्या विश्वकोशाला ज्यात अपमान वाटला नाही, त्यात तुम्हाला वाटतो, याचं कारण एवढंच की तुम्ही ती नोंद वाचलेली नाही.

'भाषा मेलेली आहे,' असंही एकाने लिहिलं. हो, आज लॅटिन कुणाच्या घरात बोलली जात नाही, आणि तेच इथे उपयोगाचं आहे. बोलीतल्या शब्दाचा अर्थ पिढीगणिक सरकतो. एकदांडी म्हणा, दगडी पाला म्हणा, कंबरमोडी म्हणा, जखमजोडी म्हणा, झाड एकच, ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स. उलट ब्राह्मी म्हटलं की कोणी सेंटेला आणून देतो, कोणी बाकोपा. नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच लिहिण्याची सक्ती १ जानेवारी २०१२ पासून उठली आहे, आता ते इंग्रजीतही चालतं. नाव मात्र अजूनही लॅटिनच्याच नियमाने चालतं. जगाने विचार करून हे ठेवलं आहे.

नावं बदलतात, ही तक्रार खरी आहे. बाभूळ आम्ही अकेशिया निलोटिका म्हणून शिकलो, तुमच्या पुस्तकात ती व्हॅचेलिया निलोटिका झाली. पण बदल कोणी केला, कधी केला, कशासाठी केला, याची छापील नोंद असते आणि जुनं नाव समानार्थी म्हणून शेजारी राहतं. बदलाचा हिशेब ठेवणारी पद्धत आणि गोंधळ, यांतला फरक बी.एस्सी.च्या मुलाला कळला पाहिजे.

आता माझी सर्वांत मोठी तक्रार ऐका. ती न शिकणाऱ्यांबद्दल नाही, घोकणाऱ्यांबद्दल आहे. तुमच्यातल्या पहिल्या बाकावरच्यांना शंभर नावं पाठ आहेत आणि एकाचाही अर्थ ठाऊक नाही. क्लासच्या नोट्समधून उचलून ती तुम्ही फोन नंबरांसारखी पाठ करता आणि पेपर झाला की विसरता. आणि हे तुम्ही मराठी मुलं करता! लॅटिन शिकायला तुमच्याइतकी सोयीची जीभ इंग्रजाकडे नाही. इंग्रजीत विशेषणाला लिंग नसतं. आपल्याकडे काळा, काळी, काळं. लॅटिनमध्ये नायगर, नायग्रा, नायग्रम. कांद्यावर येणारी काळी बुरशी अ‍ॅस्परजिलस नायगर, काळी मोहरी ब्रासिका नायग्रा, मिरी पायपर नायग्रम, रानातली कामोणी सोलॅनम नायग्रम. पांढऱ्याचंही तसंच: तुती मोरस आल्बा, चंदन सँटॅलम आल्बम, चाकवत चिनोपोडियम आल्बम. तीन लिंगं तुम्ही आईच्या कडेवर असताना शिकलात. ते व्याकरण वापरायला कोणी मनाई केली होती?

सटायव्हा म्हणजे पेरलेली, लागवडीची. हा एक शब्द समजला की स्वयंपाकघर उघडतं. भात ओरायझा सटायव्हा. लसूण अ‍ॅलियम सटायव्हम. कोथिंबीर कोरिअँड्रम सटायव्हम. वाटाणा पायसम सटायव्हम. केशर क्रोकस सटायव्हस. गुरांचा लसूणघास मेडिकागो सटायव्हा. पेरलेला, पेरलेली, पेरलेलं. आणि मग गिलाव्यातल्या झाडाचं नावही बोलू लागतं: ही लागवडीची भांग, माणसाने पेरून वाढवलेली. ज्याने नाव घोकलं त्याला हे दिसलं नाही. ज्याने टाकून दिलं त्यालाही दिसलं नाही.

लेण्यांच्या वाटेवर तुम्ही आघाड्यातून चाललात, पँटला कुसळं चिकटली, त्यावर तुम्ही त्रासलात. आकिरँथस अ‍ॅस्पेरा. अ‍ॅस्पेरा म्हणजे खरखरीत. तेरड्याची पिकलेली बोंडं हात लागताच फुटतात. इम्पेशन्स, म्हणजे अधीर. लाजाळूला लिनियसने मिमोसा प्यूडिका म्हटलं, प्यूडिका म्हणजे लाजरी. त्याला मराठी येत नव्हतं आणि आपल्या पणजीला लॅटिन येत नव्हतं, पण झाड दोघांनी नीट पाहिलं होतं. ज्या वंशात बोरू मोडतो, त्या क्रोटालारियाचा अर्थ खुळखुळा, कारण वाळलेल्या शेंगेत बिया वाजतात. आणि त्याच वंशातल्या काही रानझाडांना आपल्याकडे खुळखुळाच म्हणतात. तुम्ही शेंग हलवून पाहिलीत का? मी पाहत होतो. तुमच्यातल्या कोणीही हलवली नाही. सगळ्यांचे हात फोनवर होते.

त्या फोनबद्दलही बोलून घेतो. झाडावर कॅमेरा धरायचा, अ‍ॅपने जे नाव दिलं ते उतरवायचं. दोघांच्या जर्नलात कुर्डूच्या फोटोखाली भलत्याच देशातल्या झाडाचं नाव आहे, अ‍ॅपने दिलं तसं. अ‍ॅप वापरायला माझी हरकत नाही. पण कुर्डू म्हणजे सेलोसिया आर्जेन्शिया, आर्जेन्शिया म्हणजे चांदीसारखी, एवढं ठाऊक असतं तर समोरच्या रुपेरी तुऱ्याकडे आणि फोनमधल्या नावाकडे एकदा पाहून तुम्हीच म्हणाला असता की हे जुळत नाही. अर्थ कळणाऱ्याला चूक पकडता येते.

चांदीवरून रसायनशास्त्राकडे या. अकरावीत तुम्ही चांदीची संज्ञा 'एजी' शिकलात, लोखंडाची 'एफई', सोडिअमची 'एनए', पोटॅशिअमची 'के'. का, असं विचारलं तर आजही उत्तर येतं, 'तसं ठरलंय'. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८१३-१४च्या सुमारास लॅटिन नावांची आद्याक्षरं घेऊन या संज्ञा बसवल्या. आर्जेंटम, फेरम, नेट्रियम, केलियम. आर्जेन्शिया आणि आर्जेंटम एकाच धातूची रूपं आहेत. कुर्डू आणि 'एजी' ही दोन विषयांत विभागलेली एकच गोष्ट आहे. केलियम तर अरबी 'अल्-कली'मधून आला, तोच आपला अल्कली. आवर्त सारणी तुम्हाला रुक्ष वाटते, कारण तिच्यातली अर्धी अक्षरं तुम्ही मुकी ठेवली आहेत.

तुमच्यातले काहीजण पुढे डी.फार्म.ला जाणार आहेत. औषधाच्या चिठ्ठीवर 'बीडी', 'टीडीएस', 'एसओएस' असतं. बिस इन डाय, दिवसातून दोनदा. टेर डाय सुमेंडम, तीनदा घ्यायचं. सी ओपुस सिट, लागलं तरच. 'ओडी' म्हणजे साध्या चिठ्ठीवर दिवसातून एकदा. डोळ्यांच्या डॉक्टरच्या कागदावर ऑक्युलस डेक्स्टर, उजवा डोळा. चार अक्षरं पाठ करून काउंटरवर बसलेला माणूस इथे चुकला तर त्रास म्हाताऱ्या रोग्याला होतो. अर्धा मार्क म्हणून हसलात ना, त्याची किंमत अशी वसूल होते.

पिवळ्या धोतऱ्याचंही तेच. नावात धोतरा आहे, पण झाड धोतऱ्याच्या कुळातलं नाही. ते आर्जेमोनी मेक्सिकाना, अफूच्या कुळातलं, मेक्सिकोकडून आलेलं. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याची भेसळ झाली, लोकांच्या पायांना सूज आली, अनेकजण दगावले. धोतऱ्याच्या विषाने डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, जीव भ्रमतो. याच्या तेलाने सूज येते, हृदय थकतं. नुसतं 'धोतरा पोटात गेला' असं डॉक्टरला सांगणारा नातेवाईक अडाणी असू शकतो. तुम्ही असू शकत नाही.

आणि तुमच्यातले निम्मे कापसाच्या घरचे आहेत, म्हणून हेही. 'बोंडअळी' एक नाही. हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा वेगळी, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, म्हणजे गुलाबी, ती वेगळी. २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात कपाशी पोखरली ती गुलाबी अळीने, कारण बीटीच्या दोन्ही जनुकांना ती पुरून उरली होती. हेलिकोव्हर्पाचा प्रश्न निराळा होता. बांधावर 'बीटीला अळी लागली' एवढंच म्हणत बसलेल्या बापाला ती कोणती, हे सांगायला कॉलेजात शिकणारा मुलगा पुढे यायला हवा होता. आपल्या शेतातला कापूस बहुतेक गॉसिपियम हिरसुटम. हिरसुटम म्हणजे लव असलेला. पानांवर लव दाट असेल तर तुडतुड्यांचा त्रास कमी होतो. बियाणं निवडताना ज्या गुणाकडे शेतकरी पाहतो, तो गुण नावात लिहून ठेवलेला आहे.

शेवटचं, इंग्रजी माध्यमातून आलेल्यांसाठी. तुमच्या जर्नलांत लॅटिन नावं बऱ्यापैकी शुद्ध आहेत. पण 'स्थानिक नाव' या ओळीवर तुम्ही आघाड्यासमोर 'प्रिकली चॅफ फ्लॉवर' लिहिलंत. वेरूळमध्ये कोणत्या बाईने तुम्हाला हे नाव सांगितलं? गणपतीच्या पत्रीत आघाडा असतो, ऋषिपंचमीला त्याच्या काडीने दात घासतात, आणि तुम्हाला त्याचं नाव ठाऊक नाही. थिओडोर कुक या आयरिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०१ ते १९०८च्या दरम्यान मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, तेव्हा लॅटिन नावाबरोबर इथली लोकनामंही नोंदवली. परक्या माणसाने जी काळजी घेतली ती तुम्ही घेतली नाही. लॅटिन नावाने झाड जगाला कळतं. ते कोणत्या उतारावर मिळेल, कधी फुलेल, गुरं त्याला तोंड लावतात का, हे स्थानिक नाव जाणणारी माणसंच सांगू शकतात. मराठी नाव हरवलेलं जर्नल माझ्या दृष्टीने लॅटिन नाव हरवलेल्या जर्नलाइतकंच अपुरं आहे, आणि दोघांना मी सारखीच शिक्षा देतो आहे.

शिक्षा अशी. मंगळवारी लेणी बंद असतात, म्हणून बुधवारी. सकाळी आठला तिकीट खिडकीपाशी, स्वतःच्या खर्चाने. फोन पिशवीत. वही, पेन्सिल, भिंग आणि फूटपट्टी हातात. प्रत्येकाने वेगळी दहा झाडं घ्यायची. पानाचा, फुलाचा, फळाचा आकार स्वतः काढायचा. लॅटिन नाव नीट लिहायचं, पहिला शब्द मोठ्या अक्षराने, दुसरा लहान, खाली रेघ, पुढे नाव देणाऱ्याचं नाव. त्याखाली नावातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ मराठीत, आणि तो अर्थ झाडावर कुठे दिसला ते. दिसला नसेल तर तसं स्पष्ट लिहा, खोटं लिहू नका. लेण्यात कोणत्याही गिलाव्याला, कोणत्याही चित्राला बोट लावायचं नाही. ज्याने लावलं तो माझ्या वर्गात परत येणार नाही. दुपारी देवळाकडे उतरा. तिथे बेल आणि पत्री विकणाऱ्या बायका बसतात. त्यांना मावशी म्हणून हाक मारा, दोन पैशांची खरेदी करा, आणि प्रत्येक झाडाचं नाव विचारा. त्या सांगतील तो उच्चार तसाच लिहायचा, आपल्या पुस्तकाप्रमाणे दुरुस्त करायचा नाही.